काजळी जळेपर्यंत

“बाई, घाबरू नका हं. गाडीला जरा दम लागलाय,” चाळीस मागे न बघताच म्हणाला. खरं म्हणजे छाती त्याचीच धडधडत होती.

पुलाचा चढ अजून अर्धा बाकी होता. ॲक्सिलरेटर पार तळाला टेकलेला, आणि गाडी मात्र आजारातून उठलेल्या माणसासारखी एकेक पाऊल टाकत होती. समोरच्या तबकडीवर पिवळा दिवा लागला होता, चौकटीत ठिपके भरलेल्या चित्राचा. चार महिन्यांत ही तिसरी वेळ. मागून भोंग्यांचा नुसता गदारोळ.

“दम लागायला पळावं लागतं, चाळीस,” मागून मास्तरीणबाई म्हणाल्या. “तुमची गाडी कधी पळाली?”

शेजारच्या बाकावरचा शिंपी हसला, आणि त्या एवढ्याशा हसण्यानंही त्याला खोकला आला.

चाळीस हे काही त्याचं आईवडिलांनी ठेवलेलं नाव नव्हे. ते बाईंनीच ठेवलं होतं आणि आता अख्ख्या हॉस्पिटलात तेच चालायचं, पगाराच्या खिडकीवरसुद्धा. गेली नऊ वर्षं तो डायलिसिसच्या पेशंटांना घरून आणायचा, चार तासांनी परत सोडायचा, आणि या नऊ वर्षांत त्याच्या गाडीचा काटा चाळीसच्या पुढे गेलेला कुणी पाहिला नव्हता. लोक चेष्टा करत. गाडीच्या पुढून कासव गेलं तर चाळीस त्याला आधी वाट देईल, असं लिफ्टवाला म्हणायचा.

पण त्याला कारण होतं. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात त्याने एकदा जोरात ब्रेक दाबला होता. मागे बसलेल्या म्हाताऱ्या पेशंटचा सुयांचा, नुकताच डायलिसिस झालेला हात दांड्यावर आपटला, पट्टी सुटली आणि रक्ताची चिळकांडी उडाली. रस्त्याच्या कडेला गाडी घेऊन त्याने त्या हातावर अंगठा दाबून धरला, मदत येईपर्यंत पंधरा मिनिटं. म्हातारा वाचला. पण दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात, तसं या गड्याचं झालं. त्या दिवसापासून चाळीस म्हणजे चाळीस. खड्डा दिसला की वीस. आणि कुणाच्याही दारात थांबला की हँडब्रेकच्याही आधी चावी फिरवून इंजिन बंद. डिझेल वाया नको, धूर नको, हादरा नको. सगळ्या ड्रायव्हरांनी याच्याकडून शिकावं, असं वागणं होतं माणसाचं. त्याला स्वतःलाही तसंच वाटायचं, उगाच खोटं कशाला बोला.

त्या दिवशी कसेबसे ते हॉस्पिटलला पोचले. पेशंट उतरवून तो गाडी ढकलल्यासारखी चालवत वर्कशॉपला घेऊन गेला.

वर्कशॉपमधली ताई धुराच्या फिल्टरचं काम बघायची. चाळिशीची बाई, हातावर कोपरापर्यंत काळं, केसांत पेन्सिल खोचलेली. तिने कॉम्प्युटरची वायर लावली, पडद्यावर आकडे बघितले आणि भुवया वर नेल्या.

“काका, किती दिवस झाले लांबच्या रस्त्यावर जाऊन?”

“लांबच्या? मी कशाला जाऊ? घर ते हॉस्पिटल, हॉस्पिटल ते घर.”

“आणि ऑइल?”

इथे चाळीसची मान ताठ झाली. “ऑइलचं विचारू नका ताई. या गाडीनं आजवर थेंबभर ऑइल खाल्लेलं नाही. उलट दर महिन्याला काडीवर रेघभर वरच दिसतं. कशी ठेवलीय बघा!”

ताईने बॉनेट उघडलं, ऑइलची काडी बाहेर ओढली, नाकाजवळ नेली आणि मग त्याच्या नाकाजवळ धरली. “वास घ्या.”

त्याने घेतला. त्याचा चेहरा उतरला. तीस वर्षं गाड्या चालवलेला माणूस, डिझेलचा वास न ओळखायला काय झालं?

“ऑइल वाढत नसतं, काका. जगात कुठल्याच गाडीचं वाढत नाही. हे डिझेल उतरलंय त्यात.” तिने काडी पुसून परत खोचली. “मला एक सांगा. गाडी उभी असताना इंजिन कधी आपणहून जोर धरतं का? पंखा भणभणतो, तापल्या लोखंडासारखा वास येतो?”

“येतो की! पुष्कळदा.”

“मग काय करता?”

“काय म्हणजे? लगेच बंद करतो. म्हटलं तापली बिचारी, घेऊ दे विसावा.”

ताई स्टुलावर बसलीच. “अहो काका,” ती म्हणाली, “इतक्या मायेनं गाडी मारणारा माणूस मी पहिल्यांदा बघतेय!”

तिने कपाटातून एक जुना, उभा चिरलेला फिल्टर काढून टेबलावर ठेवला. मधाच्या पोळ्यासारखी बारीक चौकोनी भोकं, हजारो. त्यातलं एक उघडं, शेजारचं बुजवलेलं, परत एक उघडं, परत बुजवलेलं. दुसऱ्या टोकाला याच्या बरोबर उलटं.

“धूर इकडून उघड्या भोकात शिरतो,” ती पेन्सिलीने दाखवत म्हणाली. “पुढं वाट बंद. मग जाणार कुठं? भिंतीतून झिरपून शेजारच्या भोकात, आणि तिथून बाहेर. हवा झिरपते, काजळी भिंतीवर राहते. म्हणून तुमच्या गाडीच्या पायपात बोट घातलं तरी काळं होत नाही.”

“मग ती काजळी?”

“जाळावी लागते. सहाशे डिग्रीला. हायवेला धावणाऱ्या गाडीचा धूरच इतका तापतो की बरीचशी जाता जाता जळते. तुमच्यासारखी गावात रांगणारी गाडी तापतच नाही. मग काजळी साठली की गाडी आपणहून जास्तीचं डिझेल सोडते, फिल्टर तापवते आणि पंधरा-वीस मिनिटं जाळत बसते. इंजिन जोर धरतं ना, ते तेच. आणि नेमकं तेव्हा तुम्ही चावी फिरवता! काजळी तशीच, आणि ते जास्तीचं डिझेल उतरतं ऑइलमध्ये. मग गाडी पुन्हा पेटवायला बघते, तुम्ही पुन्हा विझवता. झाला खेळ सुरू.”

चाळीस त्या चिरलेल्या फिल्टरकडे बघत उभा राहिला. त्याला लाज वाटली. साधीसुधी नाही, कानशिलं तापवणारी. नऊ वर्षं ज्या गोष्टीसाठी त्याने स्वतःची पाठ थोपटून घेतली होती, तीच त्या गाडीच्या मुळावर आली होती. करायला गेला काय आणि झालं काय!

तेवढ्यात मॅनेजरसाहेब आले. माणूस वाईट नव्हता. पण दोन गाड्या, साठ पेशंट आणि रोजची ओरड, यात कुणाचाही जीव रडकुंडीला यावा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “ताई, आतलं ते जाळं काढूनच टाका ना. नुसता डबा राहू दे. कॉम्प्युटरला काहीतरी सांगून दिवा बंद करून टाकतात म्हणे.”

“करतात,” ताई म्हणाली. “मी करत नाही.”

“मग रोज ही रड? बरं, काका, तुम्हीच सांगा. जाळं काढलं तर तुम्हाला तुमच्या चाळीसनं सुखानं चालवता येईल.”

गंमत बघा, मोह झाला त्याला. एक हो म्हटलं की संपलं. ना शिकायचं, ना बदलायचं. त्याने मान वळवून गाडीकडे पाहिलं. मागचं दार उघडं होतं आणि खुर्ची वर घेणारी लिफ्ट खाली टेकलेली होती. लिफ्टच्या अगदी शेजारी, हातभर अंतरावर, सायलेन्सरचं तोंड. खुर्ची तिथे ठेवली की बसलेल्या माणसाचं नाक कुठे येतं ते त्याला ठाऊक होतं. रोज सहा वेळा तो तिथे खुर्ची ठेवायचा.

“नको साहेब,” तो म्हणाला. “ती काजळी मग बाईंच्या छातीत जाईल. मी शिकतो.”

“एक महिना,” साहेब म्हणाले. “महिन्याभरात तो दिवा पुन्हा लागला, तर जाळं बाहेर, आणि तुम्ही चादरी-कपड्यांच्या गाडीवर. पेशंटांची गाडी मला अशी चढावर अडकलेली चालणार नाही. आणि रिकामी गाडी हायवेला फिरवायला डिझेल मागू नका, मिळणार नाही.”

ताईने फिल्टर उतरवला. आधी वजन केलं. मग तो रात्रभर भट्टीत ठेवला आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही बाजूंनी हवा मारत बसली, एकेक भोक, न कंटाळता. मागे बॅटरी धरून आरपार उजेड दिसतोय का बघायची, नाही दिसला की पुन्हा हवा. डब्याच्या तळाशी करड्या राखेचा ढीग जमला. काजळी जळते पण राख जळत नाही, ती इंजिनच्या ऑइलमधून येते आणि अशी हातानेच काढावी लागते, असं तिने सांगितलं. दुपारी तिने पुन्हा वजन केलं आणि पाटीवर आकडा लिहून त्याच्याकडे बघून हसली. ऑइलही बदललं. “आता तुमच्या हातात. आठवड्यातून एकदा अर्धा तास, साठ-सत्तरनं. आणि जळायला लागली की काहीही होवो, चावीला हात लावायचा नाही. तेव्हा मागे कुणाला उभं करायचं नाही, पायपातून आगीसारखी हवा येते.”

घरी त्याने बायकोला सांगितलं. ती भाजी चिरायची थांबली. “अहो, तुम्ही आणि सत्तर? लग्नानंतर मला माहेरून आणलंत तेव्हा सायकलवाले हात हलवून पुढे जात होते!”

“हसू नकोस. बाई, शिंपी, सगळे सुटतील माझ्या हातून. चादरी वाहीन मग.”

ती हसायची थांबली. त्याचा सुयांच्या हाताचा किस्सा तिला माहीत होता, त्या दिवशीचा रक्ताळलेला शर्ट तिनेच धुतला होता. “मग त्यांनाच विचारा,” ती म्हणाली. “गाडीत ते बसतात.”

त्याला हे सुचलंच नव्हतं. बुधवारी गाडीत त्याने भीतभीत विषय काढला. बाईंनी पस्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं होतं. त्यांनी त्याच्याकडून फिल्टर सगळा नीट वदवून घेतला, अडखळला तिथे पुन्हा सांगायला लावला.

“म्हणजे भिंतीतून झिरपतं आणि घाण मागे राहते,” त्या म्हणाल्या. “आणि मागे राहिलेलं वेळच्या वेळी काढलं नाही की जीव गुदमरतो. अहो चाळीस, तुमच्या गाडीला माझाच आजार झालाय की!”

“हिचं बरंय,” शिंपी म्हणाला. “हिला पळालं की बरं वाटतं. आम्हाला कुठं?”

“तेही बघूच,” बाई म्हणाल्या. “सोमवारी अर्धा तास आधी या. जाताना जाऊ, येताना नको. येताना अंगात त्राण नसतं आणि हात नाजूक असतो. बाहेरच्या रस्त्यानं हॉस्पिटल. उशीर व्हायला नको.”

“बाई, तुम्हाला काही झालं तर?”

“आठवड्याला तीनदा माझं सगळं रक्त बाहेर काढून आत घालतात. सत्तरच्या स्पीडचं मला काय सांगता?”

सोमवारी त्याने खुर्चीचे पट्टे चार वेळा तपासले. बाहेरच्या रस्त्याला लागल्यावर काटा चाळीसवर आला आणि तिथेच अडला, जसा काही पुढे रस्ताच नव्हता. मागचा ट्रक भोंगा वाजवून कंटाळला आणि पुढे गेला.  चाळीसच्या डोळ्यांपुढे रस्ता नव्हता, दांड्यावर आपटणारा तो हात होता.

“पाय दाबा,” बाई वर्गात बोलावं तशा म्हणाल्या.

त्याने दाबला. पंचेचाळीस. पन्नास. गाडी कुरकुरेल असं त्याला वाटलं होतं, पण ती तर सुटल्यासारखी झाली. साठ. शिंप्याने खिडकीची काच खाली केली आणि तोंडावर वारा घेत डोळे मिटले. गोदामं मागे गेली, विटांच्या भट्ट्या मागे गेल्या, उजवीकडे एक मोठं तळं उघडलं. पांढरे पक्षी पाण्यावरून एकदम उठले.

“हे इथं कधीपासून?” बाईंनी विचारलं.

“आहेच की बाई. पहिल्यापासून.”

“सहा वर्षं मी फक्त तुमच्या मानेचा मागचा भाग बघतेय,” त्या म्हणाल्या. “जरा हळू... नाही, नको, हळू नको.”

सत्तर. पंख्याचा आवाज बदलला. तबकडीवरचा डिझेलच्या खर्चाचा आकडा एकदम वर गेला आणि तापल्या लोखंडाचा तो ओळखीचा वास आला. त्याचा उजवा हात सवयीने उठला, चावीपाशी जाऊन थांबला आणि परत स्टिअरिंगवर आला. सतरा मिनिटं तो तसाच चालवत राहिला. मग आवाज खाली आला, आकडा खाली आला. “जळली,” तो म्हणाला, आणि शिंप्याने चक्क टाळ्या वाजवल्या. खरं सांगायचं तर चाळीसला मजा आली होती. मजा आल्याची थोडी लाजही वाटली, पण ती काही फार वेळ टिकली नाही.

महिन्याभरात दिवा लागला नाही. ताईने वायर लावून आकडे पाहिले आणि साहेबांना पडदा दाखवला. साहेब “बरं” म्हणाले, आणि पुढच्या महिन्याच्या तक्त्यात पेशंटांच्या गाडीपुढे त्याचंच नाव लागलं. एवढंच. पण ते गेल्यावर ताई म्हणाली, “काका, माझ्याकडे पंचविशीची पोरं येतात. दहादा सांगूनही ऐकत नाहीत, उलट मलाच शिकवतात. सत्तावन्नाव्या वर्षी कुणी आपला हात बदलतो का हो? मानलं तुम्हाला.” चाळीसने मान खाली घातली आणि उगाचच टायरवर लाथ मारून हवा बघितली.

सोमवारचा फेरा मग ठरूनच गेला. हॉस्पिटलात त्याला ‘चाळीस’च म्हणत राहिले, एकदा चिकटलेलं नाव कुठे सुटतं? गावात तो अजूनही चाळीसनेच चालवायचा. पण दारात थांबल्यावर आता आधी कान द्यायचा, तबकडी बघायचा, आणि मगच चावी फिरवायचा.

वर्ष गेलं असेल. बाई हलक्या होत गेल्या. खुर्ची लिफ्टवर घेताना त्याच्या हातांना ते कळायचं. सोमवारी तळं आलं की त्या नुसतं बघत राहायच्या.

एका शुक्रवारी संध्याकाळी शिंप्याला सोडून तो बाईंच्या दारात आला. हॉस्पिटलातून निघतानाच पंख्याने सूर बदलला होता, आणि गाडी थांबवली तशी इंजिनाने जोर धरला. काजळी जळायला लागली होती.

बाईंची लेक दार उघडून पायरीवर आली. त्याने काचेतून हात करून तिला तिथेच थांबवलं.

“बाई, पेटलीय. आता मागचं दार उघडता यायचं नाही, गरम हवा येते. एक चक्कर मारून येऊ का? पटकन जळेल.”

“चक्कर नको. दमलेय मी,” बाई म्हणाल्या. “बसू इथंच. किती वेळ?”

“दहाएक मिनिटं.”

तो पुढून उतरून मधल्या दाराने आत आला आणि शिंप्याच्या जागेवर बसला. नऊ-दहा वर्षांत तो पेशंटांच्या बाकावर कधी बसला नव्हता.

“बरं झालं, इथंच बोलायचं होतं,” बाई म्हणाल्या. “सोमवारी माझ्यासाठी येऊ नका, चाळीस.”

“का? लेकीकडे चाललात?”

“नाही. डायलिसिस बंद करतेय. डॉक्टरांशी बोलले, लेकीशी बोलले. ती खूप रडली, मग कबूल झाली. आता सुया नकोत मला.”

डायलिसिस बंद म्हणजे काय, हे इतकी वर्षं पेशंट नेणाऱ्याला सांगायला नको होतं. “बाई, असं नका करू हो,” तो म्हणाला. त्याचा आवाज फुटला, आणि त्याने तो लपवला नाही.

“सात वर्षं केलं,” त्या म्हणाल्या. “शेवटचं वर्ष तुमच्यामुळे काढलं. सोमवार येतोय म्हणून बुधवार-शुक्रवार सोसले. ते तळं बघायचं होतं ना.” त्यांनी त्याच्या हातावर आपला पट्टी बांधलेला हात ठेवला. तो हात त्याने सात वर्षं इतका जपला होता की आताही त्याला हलायची भीती वाटली.

बाहेर लेक पायरीवर बसली होती. रस्त्यावरचे दिवे लागले. इंजिन एकसुरी घुमत होतं आणि गाडीच्या तळातून हलकी ऊब वर येत होती.  

काही वेळाने पंखा थांबला. इंजिनाचा सूर एकदम खाली उतरला आणि नेहमीच्या, शांत लयीत आला. पस्तीस वर्षं पोरांना विज्ञान शिकवलेल्या आणि वर्षभर दर सोमवारी हा सूर ऐकलेल्या बाईंना तो कळला नसेल, असं होणं शक्यच नव्हतं.

“झालं का हो?” त्यांनी विचारलं.

चाळीस आयुष्यात गाडीबद्दल एक शब्द खोटं बोलला नव्हता.

“नाही बाई,” तो म्हणाला. “अजून थोडं राहिलंय.”

“राहू द्या,” बाई म्हणाल्या, आणि हात तसाच ठेवून खिडकीबाहेर बघत बसल्या.